पाण्यावरचे ऊन आणि अंगावरचे कापड

पाण्यावरच्या खेळासाठी घातलेल्या कपड्याला दोन कामे करावी लागतात. उन्हातली अतिनील किरणे त्वचेपर्यंत पोहोचू न देणे हे पहिले, आणि भिजल्यावरही अंगाला जड किंवा अडचणीचे न होणे हे दुसरे. जमिनीवर वापरायचे बरेच कपडे पहिले काम कोरडे असेपर्यंतच करतात. पाण्यात ते भिजतात, ताणले जातात, अंगाला चिकटतात आणि त्यांचे संरक्षण घटते. म्हणून असा कपडा निवडताना तो ओला झाल्यावर कसा वागतो, हा प्रश्न विचारायलाच हवा.

गोंदिया जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध, गाढवी नदीवरचे इटियाडोह, तिरोडा तालुक्यातले बोदलकसा आणि चोरखमारा अशा जलाशयांचा हा जिल्हा आहे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, अशी परंपरा सांगते. ढीवर समाज पिढ्यानपिढ्या डोंग्यातून मासेमारी करत आला आहे. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बाया बांधीतल्या पाण्यात दिवसभर वाकून उभ्या असतात आणि साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात. आता याच जिल्ह्यात नौकाविहार, पोहणे आणि वल्हवण्याचे खेळ यांची आवड वाढते आहे, आणि त्याबरोबर दुकानातले खास कपडेही येत आहेत.

या विषयात दोन मते ठळक आहेत. एक तलावावर आयुष्य गेलेल्या नावाड्याचे: अंग झाका, कापड सुती असू द्या. दुसरे जलक्रीडा शिकवणाऱ्या प्रशिक्षिकेचे: अंग झाका, पण कापड पाण्यासाठी बनवलेले असू द्या. पुढील संवादात ही दोन मते एकेका मुद्द्यावर समोरासमोर ठेवली आहेत.

ऊन येते कुठून

नावाडी: पाण्यावर ऊन दुप्पट लागतं. वरून लागतं आणि पाण्यावरून उलटूनही लागतं. म्हणून तर आम्ही डोकं-तोंड दुपट्ट्यानं बांधून घेतो.

प्रशिक्षिका: ऊन जास्त लागतं हे खरंच आहे, काका. पण सगळा दोष पाण्याच्या चकाकीला देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे पाणी अतिनील किरणांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी किरणं परत फेकतं. ताजा बर्फ ८० टक्के फेकतो. तलावावर मोठी अडचण सावलीची असते. तिथं झाड नाही, भिंत नाही, छप्पर नाही.

अतिनील किरणे फक्त सूर्याच्या दिशेने येत नाहीत. हवेत विखुरल्यामुळे त्यांचा मोठा वाटा सगळ्या आकाशातून खाली उतरतो. गावातल्या गल्लीत घरे आणि झाडे आकाशाचा बराच भाग झाकतात. तलावाच्या मध्यावर क्षितिजापर्यंतचे सगळे आकाश उघडे असते. पातळ ढगांमधूनही ८० टक्क्यांपर्यंत किरणे येऊ शकतात. पाण्याखाली गेल्यानेही सुटका होत नाही, कारण अर्धा मीटर खोलीवर पृष्ठभागाच्या मानाने ४० टक्के तीव्रता शिल्लक राहते. पोहणाऱ्याची पाठ आणि खांदे तर जवळजवळ पृष्ठभागावरच असतात.

नावाडी: आम्ही मे महिन्यात जपतो. पौषातल्या उन्हाला काय भ्यायचं? ते तर गोड लागतं.

प्रशिक्षिका: इथंच फसगत होते. कातडीला उष्णता कळते, अतिनील किरणं कळत नाहीत. गार वारा आणि अंगावर उडणारं पाणी यामुळे तर भाजणंही लक्षात येत नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर खांदे झोंबायला लागतात.

गोंदिया साधारण २१.५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याच्या सुमारास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. अतिनील निर्देशांक ३ किंवा त्याहून जास्त असेल तर संरक्षण घ्यावे, ८ च्या पुढे विशेष काळजी घ्यावी, ११ च्या पुढे धोका टोकाचा समजावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. एप्रिल-मेमध्ये पूर्व विदर्भात दुपारचा निर्देशांक ११ च्या पुढे जातो. हिवाळ्यातल्या निरभ्र दुपारीही तो ३ च्या वरच असतो. उपकरण हाताशी नसेल तर आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर किरणे तीव्र आहेत.

नावाडी: आमची कातडी रापलेली आहे. तिला उन्हाची सवय आहे.

प्रशिक्षिका: गडद कातडीला त्वचेच्या कर्करोगाचा धोका कमी असतो, हे मान्य. पण डोळ्यांना ती सूट नाही. मोतीबिंदू आणि बुबुळावर वाढत येणारा पडदा या दोन्हींशी उन्हाचा संबंध आहे. गोऱ्या माणसाची कातडी गडद रापली, तरी त्या रापण्याचं संरक्षण सनस्क्रीनच्या मापानं एसपीएफ ४ च्या आसपासच भरतं. शिवाय चेहऱ्यावरचे काळे डाग, सुरकुत्या हे आपल्याकडेही होतंच.

सुती की पॉलिस्टर

नावाडी: उन्हात सुतीसारखं कापड नाही. घाम शोषतं, हवा खेळती ठेवतं. पॉलिस्टर घातलं की उकडून जीव जातो.

प्रशिक्षिका: काठावर बसायचं असेल तर तुमचंच खरं. भिजायचं असेल तर चित्र बदलतं. पांढरा सुती टी-शर्ट घ्या आणि भिजवा. आतली कातडी दिसायला लागते ना? जिथून उजेड जातो, तिथून अतिनील किरणंही बरीच जातात.

कापडाच्या संरक्षणाचे माप यूपीएफ या आकड्याने सांगतात. यूपीएफ ५० म्हणजे पन्नास भागांपैकी एकच भाग किरणे आत जातात, म्हणजे २ टक्के. साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ कोरडा असताना ७ च्या आसपास असतो आणि भिजल्यावर तो ३ पर्यंत उतरतो. कोरड्या शर्टातून साधारण १४ टक्के किरणे जात असतील, तर ओल्यातून ती एक-तृतीयांशापर्यंत जातात. कारण सोपे आहे. कोरड्या कापडातल्या धाग्यांमधली हवा उजेड इकडेतिकडे विखुरते. पाणी शिरले की ही हवा निघून जाते आणि तेल लागलेल्या कागदासारखे कापड अर्धपारदर्शक होते.

पॉलिस्टरचा फायदा त्याच्या रेणूतच आहे. त्यातली वलयाकार रचना आखूड लहरींची अतिनील किरणे शोषते. ब्लीच केलेल्या कापसात असे शोषणारे फारसे काही उरत नाही. ब्लीच न केलेल्या, मूळच्या पिवळसर सुती कापडात कापसाची नैसर्गिक द्रव्ये राहतात, म्हणून ते पांढऱ्याशुभ्र कापडापेक्षा चांगले संरक्षण देते. पाणी धरण्यातही मोठा फरक आहे. नेहमीच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे पॉलिस्टर आणि नायलॉन लवकर निथळतात व लवकर वाळतात.

नावाडी: मग रोवणीच्या बाया सुती शर्ट घालून दिवस काढतात, ते चुकीचं म्हणायचं का?

प्रशिक्षिका: मुळीच नाही. पूर्ण बाह्या, बंद गळा, सैल अंग, सगळं बरोबर आहे. बाया वाकलेल्या असतात, म्हणून ऊन पाठीवर आणि मानेवर येतं. नेमकं तेच झाकलं जातं. शर्ट जाड आणि रंगीत असला तर काम भागतं. तोच शर्ट झिजून विरलेला असेल आणि घामा-पावसानं चिंब असेल, तर मात्र खांद्यावर त्याचा उपयोग फार कमी होतो.

वीण, रंग आणि ताण

धाग्याइतकेच महत्त्व विणीला आहे. किरणे धाग्यातून जातात त्यापेक्षा दोन धाग्यांमधल्या मोकळ्या जागेतून जास्त जातात. म्हणून घट्ट विणीचे सुती कापड विरळ विणीच्या पॉलिस्टरपेक्षा सरस ठरू शकते. बाजारात मिळणाऱ्या जाळीदार खेळाच्या जर्सीचे हेच दुखणे आहे. ती पॉलिस्टरची असते, पटकन वाळते, वारा आत घेते, आणि त्याच भोकांतून ऊनही आत घेते. कबड्डीच्या मैदानावर ती सोयीची असते, उघड्या तलावावर दुपारभर घालायला नाही.

नावाडी: पांढरं कापड ऊन परत फेकतं, काळं ऊन ओढतं. हे तर पोरासोरांनाही ठाऊक आहे.

प्रशिक्षिका: ते उष्णतेबद्दल खरं आहे. अतिनील किरणांचा हिशेब वेगळा असतो. गडद रंग ती किरणं स्वतःतच शोषून घेतो, अंगापर्यंत जाऊ देत नाही. म्हणून एकाच कापडाचा गडद रंग फिक्या रंगापेक्षा जास्त राखतो.

नावाडी: आणि गडद निळा शर्ट घातलेला माणूस पाण्यात पडला, तर लांबून दिसायचा कसा?

नावाड्याचा हा आक्षेप महत्त्वाचा आहे. गर्द निळा, करडा किंवा हिरवट कपडा पाण्याच्या रंगात मिसळतो आणि बुडणाऱ्याला शोधणे अवघड होते. गडद लाल किंवा भडक नारिंगी रंग दोन्ही गरजा बऱ्यापैकी भागवतो. रंग दाट असल्याने किरणे अडतात आणि माणूस दुरून दिसतो. कपडा कोणताही असला, तरी त्यावरचे लाइफ जॅकेट नारिंगी किंवा पिवळे असावे.

तिसरी बाब ताणाची. १९५८ मध्ये ड्युपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधलेल्या लायक्रासारख्या लवचीक धाग्यामुळे अंगाबरोबर वाकणारे पोहण्याचे कपडे शक्य झाले. पण असा कपडा मापापेक्षा लहान घेतला, तर खांदा आणि कोपर यांवर तो ताणला जातो, वीण उघडते आणि संरक्षण घटते. म्हणून लवचीक कपडा अंगाबरोबर बसणारा घ्यावा, आवळणारा नको.

दुकानातच एक चाचणी करता येते. कपड्याची बाही हातावर चढवावी, वल्हे मारताना ताणली जाते तितकीच ताणावी आणि हात उजेडासमोर धरावा. बोटांची कड स्पष्ट दिसली, तर तो कपडा सोडून द्यावा. घरी आधीपासून असलेला कपडा भिजवून हीच चाचणी घ्यावी. डोळ्यांना दिसणारा उजेड आणि अतिनील किरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून ही चाचणी अंतिम नव्हे. तरी वाईट कपडा तिच्यात हमखास पकडला जातो.

लेबलाचा अर्थ

नावाडी: लेबलावर काहीही छापता येतं. आकडा पाहून पैसे का मोजायचे?

प्रशिक्षिका: आकड्याबरोबर मानकाचं नाव आहे का, ते पाहायचं. नाव नसेल तर तुमची शंका रास्त आहे.

सूर्यसंरक्षक कपड्यांचे पहिले सविस्तर मानक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी १९९६ मध्ये केले. त्याचा क्रमांक ४३९९ आहे. पुढे युरोप आणि अमेरिकेनेही आपापली मानके ठरवली. यूपीएफ १५ ही किमान पातळी, ३० चांगली आणि ५० किंवा ५०+ उत्कृष्ट समजली जाते. १५ वरून ३० वर गेल्याने आत जाणारी किरणे सुमारे ६.७ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर येतात. ५० नंतर मात्र हाती फारसे लागत नाही, कारण उरलेली किरणेच दोन टक्क्यांहून कमी असतात. ५० च्या पलीकडच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा ते लांब बाह्यांसाठी आणि उंच कॉलरसाठी मोजावेत. सर्वांत वरच्या दर्जाच्या कापडालाही झाकले नाही ते अंग राखता येत नाही.

लेबल नसलेले सगळेच कपडे टाकाऊ नसतात. घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा पॉलिस्टर किंवा नायलॉनचा गडद शर्ट पुष्कळदा पुरेसा असतो. जीन्सचे कापड तर किरणे जवळजवळ पूर्ण अडवते, पण भिजले की ते जड होते, लवकर वाळत नाही आणि पोहताना पाय ओढते. म्हणून पाण्यासाठी ते बाद ठरते.

उकाडा आणि गारठा

नावाडी: तुझ्या सगळ्या गोष्टी पटल्या, पोरी. पण मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. त्या उन्हात ओला सुती दुपट्टा डोक्यावर घेतला की जीव थंड होतो. ते सुख तुझ्या पॉलिस्टरला जमणार नाही.

प्रशिक्षिका: नाहीच जमणार, काका. कोरड्या उन्हात ओलं सुती कापड पाणी धरून ठेवतं, ते हळूहळू उडत जातं आणि अंगातली उष्णता घेऊन जातं. ऊन लागण्यापासून वाचायला ते फार चांगलं. म्हणून मी दोन्ही सांगते. अंगात घट्ट विणीचं पटकन वाळणारं कापड आणि डोक्यावर, मानेवर ओला जाड सुती दुपट्टा.

येथे दोन धोके वेगळे ओळखावे लागतात. अतिनील किरणांनी त्वचा आणि डोळे बिघडतात, तर उष्णतेने उष्माघात होतो. पहिल्यासाठी कापडाची घनता कामी येते, दुसऱ्यासाठी बाष्पीभवन, सैलपणा, पाणी पिणे आणि दुपार टाळणे. विदर्भाच्या कोरड्या मेमध्ये ओले सुती कापड उत्तम थंडावा देते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पाणी उडत नाही, म्हणून तेच कापड नुसते चिकटून बसते. गोंदियाचा हिवाळा विदर्भात कडक समजला जातो. डिसेंबरच्या संध्याकाळी वारा सुटल्यावर ओली सुती बंडी अंगातली ऊब ओढून घेते. तेव्हा पटकन वाळणारे कापड आणि होडीत पिशवीत बांधून ठेवलेला कोरडा जोड हाच उपाय आहे.

डोक्यापासून पायापर्यंत

लाइफ जॅकेट छाती-पाठ झाकते. उरतात ती मान, कान, हात, मांड्या, गुडघे आणि पावलांचा वरचा भाग. होडीत पाय लांब करून बसणाऱ्याच्या मांड्या आणि नडग्या थेट आकाशाकडे असतात. सदरा चांगला आणि खाली हाफ पँट, अशी अर्धी काळजी सर्रास दिसते. घोट्यापर्यंतची पातळ, लवचीक तुमान आणि पावले झाकणारी, घसरणार नाहीत अशी पादत्राणे हा भाग भरून काढतात. वल्हे मारणाऱ्याच्या हातांच्या मागच्या बाजूला बोटे उघडी ठेवणारे हातमोजे उपयोगी पडतात.

डोक्यासाठी पुढे झडप असलेली क्रिकेटची टोपी कमी पडते, कारण कान आणि मान उघडी राहतात. सगळीकडून साडेसात सेंटिमीटर तरी काठ असलेली टोपी हवी, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून हनुवटीखाली दोरी हवी. डोळ्यांसाठी यूव्ही ४०० असे लिहिलेला, बाजूंनी झाकणारा चष्मा घ्यावा. नुसती काळी काच घातक ठरू शकते. तिच्यामुळे बाहुली मोठी होते आणि काच अतिनील किरणे अडवत नसेल, तर ती जास्तच आत जातात.

नावाडी: दुपट्टा मान, कान, तोंड सगळं एकाच कापडात झाकतो. मग टोपी कशाला?

प्रशिक्षिका: काठीनं डोंगा ढकलताना चालेल. वेगाच्या खेळात किंवा इंजिनच्या होडीत मोकळा पदर, ओढणी, दुपट्ट्याची टोकं कुठं अडकली तर गळ्याला फास बसेल. बांधायचाच असेल तर टोकं जॅकेटच्या आत खोचायची. नाहीतर गळ्यात चढवायची नळीसारखी शिवलेली पट्टी घ्यायची.

साडी, लुंगी आणि सैल ओढणी यांनाही हाच नियम लागू आहे. पाण्यात पडल्यावर सुटे कापड पायाला गुंडाळते. बायकांसाठी पूर्ण बाह्यांचा लांब अंगरखा आणि लवचीक तुमान हा पर्याय अंग झाकण्याच्या दृष्टीने साडीइतकाच सोयीचा आहे आणि पाण्यात जास्त सुरक्षित आहे. लहान मुलांना एकसंध, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालावा. त्यांना मलम नीट लावून घेणे कठीण जाते, आणि खेळात ते पुसूनही जाते.

मलम आणि कापड

नावाडी: शहरातून येणारे पर्यटक मलम फासून येतात. त्यांना कपड्यांची गरजच वाटत नाही.

प्रशिक्षिका: मलम चेहऱ्याला आणि हातांना ठीक. सगळ्या अंगासाठी ते पुरवणं अवघड जातं.

सनस्क्रीनच्या डबीवरचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावून मोजलेला असतो. प्रत्यक्षात बहुतेक लोक त्याहून कमी लावतात. पाण्यात ते धुऊन जाते आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. कपड्याचे संरक्षण दिवसभर टिकते. शिवाय मलमातली द्रव्ये पाण्यात मिसळतात. प्रवाळांच्या काळजीपोटी हवाई राज्याने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा २०१८ मध्ये केला आणि तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. गोंदियाच्या तलावांत प्रवाळ नाहीत. पण त्यांतल्या मासळीवर घरे चालतात, म्हणून पाण्यात जाणारे कोणतेही द्रव्य जितके कमी तितके बरे.

नावाडी: मग पॉलिस्टर धुतल्यावर जे तंतू सुटतात, ते नाही का पाण्यात जात?

प्रशिक्षिका: जातात. म्हणून एकच टिकाऊ कपडा घ्यायचा, वारंवार नवा घ्यायचा नाही आणि तलावात साबणानं धुवायचा नाही.

निगा आणि निवड

कपडा वापरल्यावर साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावा. ब्लीच लावू नये, कारण त्याने रंग जातो आणि लवचीक धागा सैल पडतो. नवे सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटते, वीण घट्ट होते आणि संरक्षण थोडे वाढते. पुढे कापड विरत गेले की ते पुन्हा घटते. कोपर आणि खांद्यावर पातळ झालेला, सैल पडून परत आकारात न येणारा कपडा उन्हाच्या कामासाठी निवृत्त करावा.

दोन्ही मतांचा मेळ घातला तर निवडीचा क्रम असा लागतो. आधी वेळ निवडावी आणि शक्य तिथे सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर पाण्यावर जावे. मग अंग किती झाकले जाते ते पाहावे. त्यानंतर वीण पाहावी, ओली आणि ताणलेली. मग धागा: भिजायचे असेल तर पॉलिस्टर किंवा नायलॉन, भिजायचे नसेल तर घट्ट विणीचे, रंगीत किंवा ब्लीच न केलेले सुती. मग रंग: दाट आणि पाण्यावर उठून दिसणारा. लेबलावरचा आकडा आणि किंमत यांचा विचार शेवटी करावा. अंग झाकण्याची नावाड्यांची आणि रोवणीच्या बायांची रीत पाया म्हणून भक्कम आहे. तिला ओल्या कापडाच्या ज्ञानाची जोड मिळाली, तर नवेगावबांधवर दुपार घालवणाऱ्या पर्यटकाला आणि त्याच पाण्यावर पोट भरणाऱ्या नावाड्यालाही तितकाच लाभ होईल. डोळ्यांची काळजी मात्र नावाड्याने पर्यटकापेक्षा जास्त घ्यायला हवी, कारण पर्यटक एका दुपारी परत जातो आणि नावाड्याच्या डोळ्यांत ते ऊन वर्षानुवर्षे साठत राहते.